सोरायसिस 'मुळापासून' जातो का? आणि त्याहून कामाचा प्रश्न

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

लोकलमध्ये असाल, एसटीत असाल, नाहीतर भांडी घासता घासता ऐकत असाल, आजचा भाग कुठेही ऐकण्यासारखा आहे. फक्त ऐकता ऐकता कोपर खाजवू नका, कारण आज आपण सोरायसिसबद्दल बोलणार आहोत.

मागे एका भागात मी बोलता बोलता म्हणाले होते की मला सोरायसिस आहे. त्यानंतर तुमच्या व्हॉइस नोट्स यायला लागल्या. कुणी कॉलेजमधलं, कुणी नुकतं नोकरीला लागलेलं. पण प्रश्न फिरून फिरून एकच, "ताई, हा मुळापासून जातो का?" एका मुलीने विचारलंय, "लग्न ठरलंय, चार महिने आहेत. तेवढ्यात मुळापासून घालवायचा आहे. काय करू?"

तर तुझ्यासाठी, आणि तुझ्यासारख्या सगळ्यांसाठी, उत्तर आधीच देऊन टाकते. नाही, मुळापासून जात नाही. सोरायसिस कायमचा घालवणारं औषध आज जगात कुणाकडेच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये सोरायसिसवर एक ठराव केला, त्यातही हेच म्हटलंय: हा दीर्घकाळ राहणारा, असंसर्गजन्य आजार आहे आणि तो पूर्ण बरा करणारा उपाय नाही.

थांबा, भाग बंद करू नका. उत्तराचा दुसरा अर्धा भाग जास्त महत्त्वाचा आहे. तो ताब्यात ठेवता येतो, आणि आजच्या औषधांनी तर बऱ्याच जणांची त्वचा जवळजवळ स्वच्छ राहू शकते. ज्यांना शुगर असते ते आजी-आजोबा "माझी शुगर मुळापासून जाईल का" असं रोज विचारत बसत नाहीत. ते विचारतात, "या महिन्यात किती आली?" आपणही तेच विचारायचं. किती ताब्यात आहे, आणि ताब्यात ठेवायला माझ्याकडे काय ठरलेलं आहे?

एक गोष्ट आधीच सांगते. मी डॉक्टर नाही. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते आणि गेली ११ वर्षं या आजारासोबत राहते. तुमचा डोस ठरवायला हा भाग नाही. पण डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं, हे यातून नक्की कळेल.

नेमकं होतं काय

आपल्या त्वचेच्या सगळ्यात खालच्या थरात नवीन पेशी तयार होतात. त्या हळूहळू वर सरकतात, वाळतात आणि गळून पडतात. साधारण महिनाभराचा हा प्रवास. सोरायसिसमध्ये तोच प्रवास तीन ते पाच दिवसांत उरकतो. पेशी कच्च्याच वर येतात, नीट गळत नाहीत, एकावर एक साठतात. म्हणून जाड चट्टा आणि त्यावर पांढरट, चांदीसारखे पापुद्रे.

एवढी घाई कशासाठी? कारण आपल्या शरीराची संरक्षण यंत्रणा तिथे उगाच गोंधळ घालत असते. एखाद्या सोसायटीत वॉचमनने पार्सलवाल्या मुलाला चोर समजून शिट्टी वाजवली, आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "चोर आला, चोर आला" असा मेसेज फिरला, तर काय होईल? सगळे काठ्या घेऊन खाली. चोर नाहीच, पण धावपळ खरी. आपल्या त्वचेत हे मेसेज म्हणजे काही रसायनं असतात. टीएनएफ, इंटरल्युकिन १७, इंटरल्युकिन २३ ही त्यातली मुख्य नावं. ही नावं लक्षात ठेवा, औषधांच्या वेळी परत येतील.

आता यातून दोन गैरसमज लगेच निकाली निघतात.

पहिला, "तुझी इम्युनिटी कमी आहे, काढा घे." नाही हो काकू. इम्युनिटी कमी पडलेली नाही, ती नको तिथे जादा काम करतेय.

दुसरा, "लागण होईल." इथे जंतूच नाही, तर लागण कशाची होणार? टॉवेल, ताट, बेडशीट, मिठी, स्विमिंग पूल, शरीरसंबंध, कशानेही सोरायसिस दुसऱ्याला होत नाही. पूर्वी सोरायसिस आणि कुष्ठरोग एकच समजले जायचे. १८४१ मध्ये व्हिएन्नाचे डॉक्टर फर्डिनांड हेब्रा यांनी हे दोन वेगळे आजार आहेत असं स्पष्ट केलं. आपल्याकडच्या काही शेजाऱ्यांपर्यंत ती बातमी अजून पोचायची आहे, एवढंच.

घरात कुणाला असेल तर शक्यता थोडी वाढते, हे खरं. पण आईवडिलांपैकी एकाला असला तरी बहुतेक मुलांना होत नाही. अगदी एकसारख्या जुळ्यांमध्येही एकाला असतो आणि दुसऱ्याला नसतो, असं दिसतं.

आपल्या त्वचेवर तो वेगळा दिसतो

गूगलवर फोटो बघितले की गोऱ्या कातडीवर लालभडक चट्टे दिसतात. आपल्या सावळ्या त्वचेवर तेच चट्टे जांभळट, तपकिरी किंवा राखाडी दिसू शकतात. म्हणून "माझं लाल नाही, म्हणजे सोरायसिस नसेल" असं समजू नका. कोपर, गुडघे, कंबरेचा खालचा भाग आणि डोकं या त्याच्या आवडत्या जागा. डोक्यातला तर वर्षानुवर्षं कोंडा म्हणूनच खपतो. नखांवर बारीक खड्डे पडतात, जसं शिवणकामाच्या अंगठीवर, म्हणजे अंगुस्तानावर असतात तसे.

माझी सुरुवात बारावीत झाली. घसा भयंकर दुखला, ताप आला, बरा झाला. दोन-तीन आठवड्यांनी अंगभर पावसाचे थेंब पडावेत तसे बारीक ठिपके. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जिवाणूच्या संसर्गानंतर तरुण मुलामुलींमध्ये असा थेंबासारखा सोरायसिस येतो, हे डॉक्टरांना चांगलं माहीत असतं. काहींचा तो तेवढ्यावर जातोही. माझा राहिला आणि पुढे कोपर-गुडघ्यांवर स्थिरावला.

अजून एक फार कामाची गोष्ट. चट्टा बरा झाला की तिथे काही महिने काळा किंवा फिकट डाग राहतो. पुष्कळ जण तो डाग बघून "औषध लागू पडलं नाही" म्हणून उपचार सोडतात. डोळे मिटून बोट फिरवून बघा. जागा सपाट आहे, पापुद्रा नाही, तर आजार तिथे शांत झालाय. राहिलाय तो फक्त रंग, आणि तो हळूहळू फिका होतो.

आणि गजकर्ण, म्हणजे नायटा, आणि सोरायसिस यांत गल्लत करू नका. दोन्हीला गोल चट्टे, दोन्हीला खाज. पण नायटा बुरशीमुळे होतो आणि तो पसरतो. त्वचारोगतज्ज्ञ थोडे पापुद्रे खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि फरक सांगतात. शंका असेल तर त्वचेचा छोटा तुकडा तपासायला पाठवतात. मेडिकलच्या काउंटरवर मोबाइलमधला फोटो दाखवून हा फरक कळत नाही.

भडका कशाने उडतो

मधूनच आजार उसळतो, त्याला आम्ही आमच्या भाषेत भडका म्हणतो. प्रत्येकाची कारणं थोडी वेगळी, पण नेहमीची यादी अशी: घशाचा संसर्ग, ताण, अपुरी झोप, थंडीतली कोरडी हवा, सिगारेट, दारू, वाढलेलं वजन. काही औषधंही, उदाहरणार्थ लिथियम, ब्लडप्रेशरची बीटा ब्लॉकर गटातली काही औषधं, मलेरियाची काही औषधं. म्हणून कुठल्याही डॉक्टरकडे गेलात, अगदी दाताच्या, तरी "मला सोरायसिस आहे" हे सांगायचंच. मात्र चालू असलेली गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही.

आणि एक गंमतशीर कारण: जखम. एकोणिसाव्या शतकात हाइनरिश कोबनर नावाच्या जर्मन डॉक्टरांना एक रुग्ण दिसला. त्याला जिथे खरचटलं, जिथे घोडा चावला, जिथे टॅटू काढला, तिथे तिथे सोरायसिस उमटत होता. आपल्याला घोडा चावत नाही, पण बॅगेचा पट्टा घासतो, घट्ट जीन्स काचते, वॅक्सिंग होतं, आणि टॅटू तर होतोच. म्हणून आजार चाललेला असताना टॅटू नको. आणि आंघोळीत दगडाने, घासणीने पापुद्रे काढणं बंद. आपण जितकं घासतो तितकं त्वचेला वाटतं, जखम झाली, अजून पेशी पाठवा.

खाण्याचं काय? वांगं बंद, दही बंद, मासे बंद, आंबट बंद. माझ्या नातेवाइकांची यादी जोडली असती तर मी फक्त पाण्यावर जगले असते. अमुक एक पदार्थ सगळ्यांचाच सोरायसिस वाढवतो, असं सिद्ध झालेलं नाही. वजन जास्त असेल तर ते कमी केल्याने फायदा होतो. दारू आणि सिगारेट सोडल्याने होतो. तुम्हाला स्वतःला एखाद्या पदार्थाने त्रास होतोय असं सारखं दिसलं तर तो टाळा. पण शेजारच्या काकूंच्या दिराला झाला म्हणून नको.

पुडीची गोष्ट

मी बारावीत असताना घरचे हवालदिल झाले होते. कुणीतरी एका गावातल्या माणसाचं नाव सांगितलं. "मुळापासून घालवतो, गॅरंटी." आईबाबा मला घेऊन गेले. तिथे रांग होती. त्याने पांढऱ्या पुड्या दिल्या, दिवसाला दोन. कागद नाही, नाव नाही, "आमचं गुपित आहे" एवढंच.

आणि काय सांगू, पंधरा दिवसांत अंग स्वच्छ! आईने देवाला नारळ वाढवला. दोन महिन्यांनी पुड्या संपल्या, तो माणूस काही दिवस गावात नव्हता. त्यानंतर तीन आठवड्यांत जे आलं ते आधीच्या दुप्पट होतं. पाठ, पोट, मांड्या, सगळीकडे. थंडी वाजायची, उभं राहवत नव्हतं. सात दिवस रुग्णालयात.

तिथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कुठली पुडी, काळी गोळी, इंजेक्शन घेतलं होतं का?" त्या पुडीत नेमकं काय होतं ते मला कधीच कळलं नाही. पण डॉक्टरांनी जे समजावलं ते तुम्हाला सांगते. पोटात घ्यायचं स्टेरॉइड सोरायसिस पटकन दाबतं. ते एकदम बंद झालं की आजार उसळून येतो, कधी पूर्ण अंग लाल होऊन सोलतं, कधी पूसारखे फोड येतात. हा प्रकार जिवावर बेतू शकतो. म्हणून सोरायसिसमध्ये डॉक्टर स्टेरॉइडच्या गोळ्या शक्यतो टाळतात.

म्हणून माझा एक साधा नियम आहे. "मुळापासून", "गॅरंटी" आणि "गुपित फॉर्म्युला" यांतला एक जरी शब्द कानावर आला, की चप्पल घालायची आणि निघायचं. औषध कुठल्याही पॅथीचं असो, त्यात काय आहे ते लिहून न देणाऱ्याकडून घ्यायचं नाही. आईबाबांवर राग नाही माझा. हताश झालेल्या माणसाला "मुळापासून" हा शब्द किती गोड लागतो, ते मी जवळून बघितलंय. फसवणाऱ्यांनाही ते माहीत असतं, म्हणून तर पाटीवर तोच शब्द मोठा लिहिलेला असतो.

औषधांची शिडी

आता खरी औषधं. ही एक शिडी आहे असं समजा. आजार किती आणि कुठे आहे, यावर पायरी ठरते. तुमचा पंजा, बोटांसकट, म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का. डॉक्टर याच हिशोबाने मोजतात.

पहिली पायरी, लावायची औषधं. मॉइश्चरायझर हे औषधच आहे, सौंदर्यप्रसाधन नाही. पेट्रोलियम जेली चालते, खोबरेल तेलही चालतं. त्यावर स्टेरॉइडचं मलम, ड जीवनसत्त्वाच्या जातीचं कॅल्सिपोट्रिऑल, डोक्यासाठी कोल टार, जाड पापुद्र्यांसाठी सॅलिसिलिक ॲसिड.

स्टेरॉइडच्या मलमाबद्दल दोन टोकं असतात. एक म्हणतो "स्टेरॉइड? बापरे, नको." दुसरा तीच ट्यूब दोन वर्षं रोज फासतो. दोन्ही नको. डॉक्टरांनी सांगितलेल्या जागी, सांगितलेले दिवस, हे चांगलं औषध आहे. किती घ्यायचं? तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि ती दोन पंज्यांएवढ्या जागेला पुरते. जास्त तीव्रतेचं मलम चेहरा, काख, जांघ इथे स्वतःच्या मनाने लावायचं नाही. तिथली त्वचा पातळ होते, कायमचे व्रण पडतात. २०१८ मध्ये सरकारने बऱ्याच स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विकायच्या औषधांतून बाहेर काढलं, ते उगाच नाही. तरी "खाज, नायटा, गोरेपणा, सगळ्यावर एकच" असली ट्यूब कुणीतरी पुढे करतंच. घेऊ नका.

दुसरी पायरी, प्रकाश. याला फोटोथेरपी म्हणतात. त्यात ३११ नॅनोमीटरच्या आसपासची अतिनील किरणं ठराविक वेळ अंगावर घेतात, आठवड्यातून दोन-तीनदा, काही महिने. मेडिकल कॉलेजच्या मोठ्या रुग्णालयांत बऱ्याच ठिकाणी ही सोय असते. "मग मी गच्चीवर उन्हात झोपतो" असं करू नका. थोडं ऊन चांगलं, पण भाजलं तर कोबनरसाहेब परत येतात.

तिसरी पायरी, पोटात घ्यायची औषधं. मेथोट्रेक्सेट, सायक्लोस्पोरिन, ॲसिट्रेटिन, ॲप्रेमिलास्ट. मी मेथोट्रेक्सेट घेते. पहिल्यांदा आणायला गेलो तेव्हा दुकानदार आईला म्हणाला, "ही कॅन्सरची गोळी आहे." आईचा चेहरा आठवतो मला. खरं असं की कॅन्सरमध्ये हेच औषध फार मोठ्या डोसमध्ये देतात. सोरायसिसमध्ये अगदी कमी डोस, आणि हे नीट ऐका, आठवड्यातून एकदाच. रोज नाही. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. माझा वार रविवार. फोनमध्ये अलार्म, फ्रिजवर कागद, आईच्या फोनमध्येही अलार्म. सोबत डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी फॉलिक ॲसिड, ठरलेल्या वेळी रक्ताच्या आणि लिव्हरच्या तपासण्या, आणि दारू नाही. काही अँटिबायोटिक आणि वेदनाशामक गोळ्या याच्यासोबत धोक्याच्या असतात, म्हणून प्रत्येक डॉक्टरला हे नाव सांगायचं.

लग्न ठरलेल्या मैत्रिणी, हे खास तुझ्यासाठी. मेथोट्रेक्सेट चालू असताना गरोदर राहायचं नसतं. ॲसिट्रेटिन थांबवल्यावरही तीन वर्षं गर्भधारणा टाळायची असते. म्हणून "मला पुढे मूल हवंय" हे डॉक्टरांना आत्ताच सांग, लाजू नकोस. त्यानुसार औषध बदलता येतं, आधी थांबवता येतं. गरोदरपणात चालणारे उपायही आहेत. मुलांनो, तुम्हीही मूल होऊ देण्याआधी डॉक्टरांशी बोला.

चौथी पायरी, बायोलॉजिक इंजेक्शनं. मघाशी नावं सांगितली ना, टीएनएफ, इंटरल्युकिन १७, २३? ही इंजेक्शनं नेमका तेवढाच मेसेज ब्लॉक करतात, अख्खा ग्रुप बंद करत नाहीत. परिणाम खूप चांगला. आपल्या बंगळुरूच्या बायोकॉनने तयार केलेल्या इटोलिझुमॅबला २०१३ मध्ये भारतात सोरायसिससाठी परवानगी मिळाली. अडचण खर्चाची. आणि आपल्याकडे टीबी भरपूर, म्हणून ही सुरू करण्याआधी टीबीची तपासणी करतात. ती टाळू नका.

पैशांचं बोलूया, कारण बरेच उपचार तिथेच थांबतात. सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात त्वचारोग विभाग असतो. रांग मोठी असते, पण डॉक्टर रोज असे रुग्ण बघतात. गोळ्यांची जेनेरिक रूपं जनऔषधी केंद्रात मिळतात का ते विचारा. आणि डॉक्टरांना सरळ सांगा, "मला महिन्याला एवढंच परवडतं." परवडणारं आणि नियमित घेतलेलं औषध, महाग आणि मध्येच सोडलेल्या औषधापेक्षा कधीही चांगलं.

सांधे: हे मात्र थांबू देत नाही

सोरायसिस असलेल्यांपैकी ३० टक्क्यांपर्यंत लोकांना सांध्यांचा त्रास होऊ शकतो. सकाळी उठल्यावर बोटं, कंबर अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडलेली. एखादं बोट पूर्णच्या पूर्ण सुजलेलं. टाच दुखणं. "जिममध्ये लचकलं असेल" म्हणून वर्ष घालवू नका. सांध्यांची झीज झाली की ती भरून येत नाही. आधी कळलं तर औषधाने थांबवता येते. कातडीवर दोनच चट्टे असले तरी सांध्यांचा त्रास होऊ शकतो, म्हणून त्वचेच्या डॉक्टरांना सांध्यांबद्दल आपणहून सांगा.

आणि तातडीची खूण: जवळजवळ पूर्ण अंग लाल होऊन सोलणं, किंवा ताप-थंडीसह अंगावर पूसारखे फोड. हे दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. त्याच दिवशी रुग्णालय.

रोजचं काय

माझं रोजचं सांगते. कोमट पाण्याने पाच-सात मिनिटांची आंघोळ, कढत पाणी नाही. अंग टिपायचं, रगडायचं नाही. ओलसर असतानाच मॉइश्चरायझर. दिवाळीत उटणं लावते, पण चट्टे सोडून. नखं कापलेली. खाज आली की थोपटायचं किंवा गार ओला रुमाल ठेवायचा. डोक्यात औषध लावलं की बारीक दातांच्या फणीने ओरबाडायचं नाही.

आणि फोनचा उपयोग करा. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीत, त्याच उजेडात, त्याच तीन जागांचे फोटो. वेगळं फोल्डर करा. रोज नको, रोज बघितलं की वेड लागतं. सोबत दोन आकडे लिहा: खाज १० पैकी किती, झोप १० पैकी किती. डॉक्टरांकडे पाच मिनिटं मिळतात. त्यात "बरं आहे", "तसंच आहे" म्हणण्यापेक्षा फोटो पुढे करा. आणखी एक, डॉक्टर दहा प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात, डीएलक्यूआय नावाची. १९९४ मध्ये इंग्लंडशेजारच्या वेल्समध्ये, कार्डिफला ती तयार झाली. कपडे निवडताना, खेळताना, कामावर, जवळच्या नात्यांत त्वचेमुळे किती अडलं, हे त्यात विचारतात. म्हणजे मनाला आणि रोजच्या जगण्याला होणारा त्रासही उपचार ठरवताना धरला जातो. तो सांगितला तर मोजला जाईल.

मन खरंच खचत असेल, जगणं नको वाटत असेल, तर टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६. फुकट आहे. सोरायसिससोबत नैराश्य पुष्कळदा येतं. दोन्हींवर उपचार असतात.

लोक, सलून आणि लग्न

पीजीमध्ये माझी एक रूममेट माझा टॉवेल काठीने उचलायची. सलूनमध्ये "मॅडम, आधी हे बरं करून या" असं ऐकलंय. रडून झालं, भांडून झालं. आता मी चार वाक्यं पाठ केलीत: "हा सोरायसिस आहे. लागण होत नाही. कायमचा जात नाही, पण ताब्यात राहतो. माझे उपचार चालू आहेत." बस. अर्धे लोक ऐकतात. उरलेल्यांच्या अज्ञानाचा इलाज माझ्या ट्यूबमध्ये नाही.

लग्नाचं विचारलंयस म्हणून सांगते. मी साखरपुड्याआधी सांगितलं, हीच चार वाक्यं, आणि पाचवं, "हवं तर आपण दोघं माझ्या डॉक्टरांना भेटू." एका स्थळाने त्यानंतर फोन केला नाही. वाईट वाटलं. दुसऱ्या मुलाने विचारलं, "दुखतं का गं?" मी म्हटलं, भेगा पडल्या की दुखतं. आमचं लग्न होऊन दोन वर्षं झाली. पण तो प्रश्न त्याने विचारला नसता, मला कुणीच तसं विचारलं नसतं, तरी माझी रविवारची गोळी, माझं मॉइश्चरायझर, माझे फोटो हे सगळं असंच चाललं असतं. कारण ते मी लग्नासाठी करत नाही. रात्री झोप लागावी, बोटं वाकावीत, अर्ध्या बाह्यांचा कुर्ता घालावासा वाटावा, म्हणून करते.

चार महिन्यांत तुझा सोरायसिस मुळापासून जाणार नाही. पण चांगल्या उपचाराने चार महिन्यांत तो बराच ताब्यात येऊ शकतो. तेवढा वेळ पुष्कळ आहे. आणि त्याला आधी सांग. लपवायचं ठरवलंस तर उपचारही लपून करावे लागतील, आणि लपून केलेले उपचार नियमित होत नाहीत.

तर मंडळी, या आठवड्यात तीन कामं. एक, चट्ट्यांचे फोटो काढून फोल्डर करा. दोन, सकाळी उठल्यावर सांधे किती वेळ आखडतात ते घड्याळ लावून बघा. तीन, घरात नावगाव नसलेली पुडी किंवा ट्यूब असेल तर ती घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. पोटातलं औषध असेल तर एकदम बंद करू नका, आधी दाखवा.

हा भाग सोरायसिस नसलेल्या एका माणसालाही पाठवा. टॉवेल काठीने उचलणाऱ्या कुणाला तरी. पुढच्या वेळी भेटू. तोपर्यंत काळजी घ्या, आणि खाजवू नका. थोपटा!